डोलोरेस : न ठेवलेले नाव

माझा व्यवसाय अर्जनविसाचा. अंधेरीच्या तहसील कचेरीबाहेर बदामाच्या झाडाखाली माझे टेबल असे. शाळा नववीत सुटलेली असली, तरी माझ्या मसुद्यात खोट काढू शकेल असा कारकून त्या कचेरीत मी पाहिला नाही. वारसांची नावे, त्यांच्या बापांची नावे, मयत आजोबांची नावे मी आयुष्यभर कागदावर उतरवली. तेव्हा नाव म्हणजे काय हे मला कळते, असे म्हणण्याचा मला अधिकार आहे. आणि एका नावाच्या बाबतीत माझ्याच घरात माझे काही चालले नाही, हे सांगण्याचाही आहे.

आमची पहिली दोन मुले बारशाच्या आतच गेली. ज्याला नाव नाही त्याच्यासाठी रडतानाही काय हाक मारावी ते समजत नाही. माझी पत्नी एकाला ‘मोठा’ आणि दुसरीला ‘धाकटी’ म्हणत असे. त्यापलीकडे त्या दोघांचे या जगात काही उरले नाही. ऐंशी साल उलटून गेल्यावर तिसऱ्या खेपेचे दिवस भरत आले, तेव्हा घरात त्याविषयी बोलण्याचीही कोणाची छाती नव्हती.

आमची चाळ मरोळच्या गावठाणाला चिकटून होती. मागच्या बाजूला आरे कॉलनीच्या गवताचा वास येई आणि पुढच्या बाजूला ख्रिस्ती लोकांची कौलारू घरे होती. हे ख्रिस्ती लोक इथले मूळचे; भातशेती करणारे, आणि घरात आमच्यासारखीच, किंबहुना आमच्याहून जुनी मराठी बोलणारे. त्यांच्यातली एक बाई सरकारी इस्पितळात जन्मभर नर्स होती आणि निवृत्त होऊन गावठाणात एकटी राहत होती. पत्नीच्या पोटात वेळेआधीच, भर दुपारी कळा सुरू झाल्या तेव्हा चाळीतल्या बायकांनी तिलाच बोलावले. ती चौकड्यांच्या लुगड्याचा पदर खोचून आली आणि मला म्हणाली, “बाहेर जा. आणि देवाचं नाव मोठ्यानं घेऊ नको, मला ऐकू आलं पायजे आत काय चाललंय ते.”

मुलगी निळी पडून जन्मली. गळ्याभोवती नाळ होती. बाईने ती सोडवली, तोंड साफ केले, तळपायांवर टिचक्या मारल्या. मुलगी रडेपर्यंत आम्ही सर्व दाराला कान लावून होतो. मी आत गेलो तेव्हा ती बाई भिंतीला टेकून बसली होती. मी हात जोडून म्हणालो, “आपले हे ऋण मी कोणत्या शब्दांत—”

“शब्द राहू दे अर्जाला,” ती म्हणाली. “एक मागते. देशील?”

“मागा.”

“हिला माजं नाव दे.”

तिचे नाव डोलोरेस.

मी होय म्हणालो. त्या वेळी तिने माझा प्राण मागितला असता तरी मी होय म्हणालो असतो. परंतु मी दिलेला शब्द हा उमाळा नव्हता, हे मी पुढे सर्वांना बजावले. शब्द पाळण्याआधी मी चौकशी केली होती. चौकशी केल्याशिवाय मी साधा रेशनकार्डाचा अर्जही लिहीत नसे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई मुलीला न्हाऊ घालायला आली आणि चहा पिताना तिने सगळे सांगितले. त्यांच्या घरात रीत अशी, की पहिल्या मुलीला बापाच्या आईचे नाव द्यायचे. म्हणून एक पिढी सोडून एक डोलोरेस. “माज्या आजीची आजी डोलोरेस. प्लेगात गाव रिकामा झाला, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. ही एकटी घरोघर फिरून पडलेल्यांना पेज पाजायची. तिला काय झालं नाय. झालं तर तिच्या नवऱ्याला, जो भिऊन माळावर पळाला होता.” असे म्हणून ती खदखदून हसली. दुसरी डोलोरेस तिची सख्खी आजी. भातशेतातून रस्ता आखायला साहेब आला, तर हिने त्याच्या लाकडी खुंट्या एकेक करून उपटल्या, चुलीत घातल्या आणि त्यावर शिजवलेला भात त्याच साहेबाला वाढला. रस्ता झाला, पण शेताला वळसा घालून.

“आणि तिसरी मी,” बाई म्हणाली. “मी काय केलं? लोकांचं हगणं-मुतणं काढलं.”

तिने लग्न केले नव्हते. मुलगा नाही, म्हणजे मुलाची मुलगी नाही, म्हणजे नाव तिच्याशी संपणार. भाऊ दुबईत होता. त्याच्या बायकोला ते नाव म्हातारीचे वाटे. मुलींची नावे तिने मासिकांतून काढली होती. “मला पाणी नको, बाप्तिस्मा नको, देव नको तुमचा बदललेला,” बाई म्हणाली. “नुसतं नाव. कुणीतरी हाक मारली की वळणारी एक पोर असू दे गावात.”

माझ्या शेजारच्या टेबलावर गोव्याचा एक वयस्क टंकलेखक बसे. त्याला मी नावाचे मूळ विचारले. तो म्हणाला, नाव अस्सल स्पेनचे. तिथून पोर्तुगालात आणि पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे. त्या नावाची एक नटी मेक्सिकोतून अमेरिकेत गेली आणि मूकपटांच्या दिवसांत लोक तिच्या दारात उभे राहत. त्या नावाची दुसरी एक बाई स्पेनमध्ये मजुरांच्या सभा गाजवी. “आणि अर्थ काय?” मी विचारले. तो टंकयंत्रावरचे हात न उचलता म्हणाला, “दुःखं. एक नव्हे, अनेक. येशूच्या आईला, मरियेला, सात दुःखं झाली ना, त्यावरून.”

हा अर्थ ऐकून दुसरा कोणी कचरला असता. मला मात्र तोच पुरावा वाटला. कारण आमच्या कोकणात मुले वाचत नसली, की पुढच्याला दगड-धोंड्याचे, केरकचऱ्याचे नाव देतात. मृत्यूला वाटावे, हे काय उचलायचे? माझ्या आधीचे दोघे भाऊ गेले म्हणून माझे स्वतःचे नाव दगडावरून ठेवलेले आहे. शाळेत पोरे त्यावरून हसत. परंतु मी जगलो. तेव्हा आमच्या चालीप्रमाणेच हे नाव या मुलीला योग्य होते, असा माझा मुद्दा होता आणि तो आजही बिनतोड आहे.

माझी आई मात्र तो ऐकून म्हणाली, “मेल्या, दगड तरी आपल्या आंगणातलो होतो. ह्या दुःख खंयसून हाडलंस? दर्यापल्याडसून?”

घाटकोपरची माझी मोठी बहीण आली. बारशात मुलीच्या कानात नाव घेण्याचा मान आत्याचा, म्हणजे तिचा. तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच सुरुवात केली. “काय रे, ऐकते ते खरं काय? पोरीला किरिस्तावाचं नाव?”

“ताई, शब्द दिलाय मी.”

“तू शब्द देणार आणि निस्तरायचं आम्ही! माझी मोठी लग्नाला आलीय. उद्या पाहुणे विचारतील, मामाची पोर काय बाटली काय म्हणून, तर काय सांगू? तुझा अर्ज दाखवू?”

“ती बाई नसती तर ही पोर नसती.”

“मग साडी दे ना तिला. चांगली दे. नारळ दे, ओटी भर. नाव कोण मागतं रे असं?”

दोन दिवस घरात हे चालले. शेवटी तोड मीच काढली. आमच्यात पाळण्यातले नाव वेगळे असू शकते आणि हाक मारायचे वेगळे. आत्याने कानात डोलोरेस म्हणावे, फक्त मुलीला ऐकू जाईल असे. आणि मोठ्याने, चारचौघांत, आईने सुचवलेले देवीचे नाव जाहीर करावे. बाईचे मन राहील, पाहुण्यांना काही कळणार नाही. आई वाती वळायला बसली. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बरं. तुझ्या शब्दापुढं कोण जाणार?”

बाराव्या दिवशी पाळणा बांधला. वरवंट्याला टोपडे घालून आधी त्यालाच पाळण्याखालून फिरवले, मग मुलीला. “गोविंद घ्या, गोपाळ घ्या” झाले. नर्सबाई दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती. त्या दिवशी ती रविवारचा चर्चचा पोशाख घालून आली होती आणि स्वतः विणलेले पिवळे झबले तिच्या मांडीवर होते. ताई पाळण्यात वाकली. तिचे ओठ मुलीच्या कानाला लागले. तिने ‘कुर्र’ केले, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि ती सरळ होऊन देवीचे नाव मोठ्याने म्हणाली. घुगऱ्या वाटल्या. बाईने ताईला विचारले, “घेतलंस ना गं?” ताई हसून म्हणाली, “म्हणजे काय! घ्या, घुगऱ्या घ्या.”

बाईने डोळे पुसले आणि घुगऱ्या खाल्ल्या.

पुढे मुलगी चालू लागली, तशी बाई आपल्या ओटीवरून हाक मारी, “डोलोरेस बाय, ये गं!” आणि मुलगी वळे. तिच्यासाठी ती एक हाकच होती; मुले हाकेतला माणूस ओळखतात. बाई तिला नानखटाई देई, केस विंचरी. आमची आई ते पाहून दार लावून घेई. “तां तुजा नाव न्हय,” असे ती मुलीला रोज बजावत राहिली आणि ताई आली की तीही. हळूहळू मुलगी त्या हाकेला वळेनाशी झाली. मी कामावर असे. हे माझ्या पाठीमागे चाले, आणि मला सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मुलगी बालवाडीत जाऊ लागली त्या वर्षी बाईचे पाय सुजले, मग पोट, आणि ती अंथरुणाला खिळली. तिने निरोप पाठवला, की पोरीला एकदा घेऊन ये. एका रविवारी सकाळी मी मुलीला धुतलेला फ्रॉक घालून नेले. खोलीत मेणबत्तीचा वास होता. बाई उशीला टेकून बसली आणि लाडाने म्हणाली, “सांग बघू, तुजं नाव काय?”

मुलीने हात मागे बांधले आणि बालवाडीत शिकवल्याप्रमाणे स्वतःचे, माझे आणि आडनाव असे पूर्ण नाव ठणठणीत आवाजात म्हटले.

“ते नाय गं. दुसरं. पाळण्यातलं.”

“पाळण्यातलं मला नाहीच.”

“असं कसं? आत्यानं घेतलं ना कानात?”

“नाही घेतलं,” मुलगी म्हणाली. तिला ती गंमत वाटत होती. “आत्या सगळ्यांना सांगते. ती म्हणते, मी नुसतं कुर्र केलं आणि त्या नर्सला फसवलं.”

बाई माझ्याकडे बघत राहिली. मी शपथेवर सांगतो, हे मी त्या क्षणी प्रथम ऐकले. परंतु तिच्या नजरेत मी आणि माझी बहीण यांच्यात काही फरक उरला नव्हता, आणि का उरावा? बारशाला तिची खुर्ची पाळण्यापासून दूर, दारात मीच मांडली होती.

“मी घेतो नाव,” मी म्हणालो. “आत्ता घेतो. तुमच्यासमोर.” आणि मी मुलीच्या कानाशी वाकलो.

“थांब,” बाई म्हणाली. आवाज तिचा वॉर्डातला होता. “बाप नाय घेत. तुमच्यात आत्या घेते. रीत आहे ती.”

“मग मी तिला आजच घेऊन येतो.”

“आणि? हात पिरगाळून घेतलेलं नाव कुणाला लागतं? जा आता. पोर कंटाळली.”

आमची रीत आमच्या घरात मोडली होती, आणि ती पुन्हा मोडू नये म्हणून ती परधर्माची बाई आपले एकुलते एक मागणे सोडून देत होती. मी अर्जांत ‘न्याय’ हा शब्द किती वेळा लिहिला असेल! त्या खोलीत मला तो सुचला नाही.

मी तसाच मुलीला घरी सोडून घाटकोपरला गेलो. ताई तांदूळ निवडत होती. तिने काही नाकारले नाही.

“हो, नाही घेतलं. मग?”

“मला तोंडावर नाही म्हणायचं होतंस.”

“तुला? तुझ्यापुढं कोण बोलणार रे? एक बोललं की तू दहा कलमं काढतोस. गिरणीच्या संपानंतर तुझे भावोजी घरी बसलेले, पोरीचं लग्न व्हायचं होतं. तुला तुझा शब्द, मला माझी पोर.”

“निदान दुसरं एखादं तरी घ्यायचंस. माझ्या पोरीला पाळण्यातलं नावच नाही.”

“दुसरं घेतलं असतं तर तुझा शब्द मोडला असता,” ती सूप पाखडत म्हणाली. “मी तो मोडला नाही. मी काहीच घेतलं नाही. बस, चहा टाकते.”

नाताळ येण्याआधी बाई गेली. दुबईचा भाऊ येऊ शकला नाही. दफनाला गावठाणातली माणसे होती आणि मी होतो; पत्नीला यायचे होते, आईने येऊ दिले नाही. परतताना मी गावठाणातल्या एका म्हाताऱ्याला विचारले, आता इथे त्या नावाची दुसरी कोणी आहे का. त्याने आठवून पाहिले. म्हणाला, नाही.

ताई दर भाऊबीजेला येते. तिची मुलगी चांगल्या घरी पडली आहे. मी पाटावर बसतो. ती कुंकू लावते, अक्षता टाकते, ओवाळते. मी तबकात ओवाळणी घालतो. मग आम्ही माझ्या मुलीच्या अभ्यासाविषयी बोलतो.