मांडीवरचा हात

दातांच्या दवाखान्यात जुनं मासिक चाळत होते. अमेरिकेतल्या डोंगरांत एकट्याने राहणाऱ्या शिकाऱ्यांवर लेख होता. बंदुकीची नळी, वजन, पल्ला, सगळं सविस्तर. माझी नजर मात्र चित्रातल्या म्हाताऱ्याच्या हातावर खिळली. मांडीवरची बंदूक त्याने धरली नव्हती, हात नुसता टेकवला होता.

माझे वडील, अण्णा, कोकणातल्या घरी पडवीत असेच बसायचे. रानडुकरांसाठी त्यांच्याकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. दर निवडणुकीला ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. "लवकर परत द्या हो," गेल्या खेपेला ते हवालदाराला म्हणाले. निकालाआधीच अण्णा गेले.

शेवटच्या दुपारी त्यांचा हात मांडीवर काहीतरी चाचपत होता. थंडी वाजत असेल म्हणून मी चादर ओढली. त्यांनी ती बाजूला सारली. मी पुन्हा ओढली.