धुण्याचा पिळा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — आणि मी तर असा माणूस, की गुडघ्याचं ऑपरेशनसुद्धा तीन बैठकांत सांगतो.

आमच्या भावकीत हळदीची जेवणं उरकली, की मला खुर्ची मिळते. "तात्या, ती धुणंवालीची होऊ द्या!" मग मी परदेशात शांतिसेनेत ड्रायव्हर होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. छावणीत कपडे धुणारी तिथलीच एक बाई. आमचा रेशनचा हवालदार तिच्याशी लाडीगोडी करायला गेला, आणि तिनं ओल्या चादरीचा पिळा त्याच्या पाठीत असा हाणला — सांगताना हवालदारही मीच बनतो, बाईही मीच. माणसं पोट धरून हसतात.

गोष्ट खरी आहे. अर्धी.

लाडीगोडी? त्यानं तिला वाळत घातलेल्या चादरींआड ओढलं होतं. मी जवळच गाडी पुसत होतो. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. इंजिनात काय बिघडलं होतं म्हणता? काहीच नाही.

त्याच आठवड्यात एका मॅडम ऑफिसरनं आम्हाला बजावलं होतं — असं काही दिसलं तर सांगायचं, गप्प बसणारा पण दोषी. सगळ्यांत मोठ्यानं 'येस मॅडम' कोण ओरडलं असेल? चौकशीत त्याच मॅडमनी मला विचारलं. ती बाई समोरच उभी होती. मारी तिचं नाव. गोष्टीत मी ते कधी घेत नाही.

"मी इंजिन बघत होतो," मी म्हणालो. हवालदाराशी मला वाकडं घ्यायचं नव्हतं.

त्याच्यावर हात उचलला म्हणून मारीचा गेटपास गेला. तिचं घर त्या धुण्यावर चालायचं, हे मला ठाऊक होतं.

परवा पिंपळे सौदागरला पुतण्याची हळद होती. गोष्ट रंगली. पुतणी तेवढी हसली नाही — चाकणला कंपनीत शिफ्ट करते ती.

"तात्या, मग त्या बाईचं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी विचारायची वेळ येऊ देतो होय?

"काय व्हायचंय? दुसऱ्या दिवशी आल्ती की कामावर!"

"भारी बाई हाय राव!" पुतणी म्हणाली, आणि आता कुठं हसली.

मारी आली नव्हती. तिच्या जागी दुसरी बाई आली. हवालदार तिथंच होता. मी माझे कपडे तिच्याकडे धुवायला टाकले.