पांढऱ्या पेशी पकडणारे भावोजी

बुडबुड्यांवर इतका मनापासून राग धरणारा दुसरा माणूस कुळगावपासून बेलवलीपर्यंत सापडला, तर मी माझं नाव बदलीन. आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, सोडा पीत नसत. ताईने इडलीचं पीठ आंबवलं की भांड्याकडे पाठ करून बसत. चहाच्या कपात कडेला फेस दिसला, तर तो चमच्याने टिपून मगच पहिला घोट घेत.

त्याला कारण होतं. भावोजी उल्हासनगरच्या एका रक्तपेढीत टेक्निशियन, आणि घरी ताईच्या स्वयंपाकघरात ते रक्त गाळायची चिप बनवत. चिप म्हणजे काडेपेटीएवढा पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा. त्यात केसाहून बारीक नाल्या, आणि नाल्यांत खांबांची दाट रांग. लाल पेशी लवचिक, अंग चोरून निसटतात. पांढऱ्या थोराड, त्या खांबांत अडकतात. पण नालीत एक बुडबुडा शिरला की सगळं ठप्प! साचा मुंबईच्या एका संस्थेतल्या मॅडमनी दिलेला, जुना. ओल्या सिलिकॉनमधली हवा खेचायला भावोजींनी उल्हासनगरच्या भंगारबाजारातून फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला. "साईं, क्या ठंडा करोगे?" दुकानदाराने विचारलं. "ठंडा नहीं, हवा निकालूँगा," भावोजी म्हणाले. त्यानंतर तो दुकानदार त्यांना आधी बसवून पाणी पाजायचा, मगच बोलायचा. चिप भाजायला ताईचा केकचा ओव्हन. माझ्या भाचीच्या एका वाढदिवसाला केक झालाच नाही, बारा चिपा मात्र छान भाजून निघाल्या. ताई दोन दिवस बोलली नाही, आणि यांना ते तिसऱ्या दिवशी कळलं.

शिवाय रोज ताजं रक्त लागायचं. मी दारात "जयभीम, भावोजी" म्हणायचा अवकाश, की "जयभीम, जयभीम! मेव्हणीबाई, डावं बोट द्या." चहा नंतर. केबलवाला, विमा एजंट, सोसायटीचे सेक्रेटरी, कुणाची सुटका नव्हती. सेक्रेटरी तर मेंटेनन्सची पावती दाराखालून सरकवून पळायचे.

हे सगळं एका मुलीपायी चाललं होतं. उल्हासनगरची सिंधी मुलगी, दहा वर्षांची, थॅलेसेमिया. दर तीन आठवड्यांनी तिला रक्त चढवावं लागे, आणि दर वेळी ती थंडीतापाने कुडकुडे. दात्याच्या पांढऱ्या पेशी सोबत जातात, त्यांचा तो प्रताप. त्या अडवणारा तयार फिल्टर बाजारात मिळे, पण दर वेळी आणणं तिच्या आईला झेपत नसे. "पोर माझ्यासमोर थडथड उडते गं, आणि मी नुसता पिशवीचा नंबर तपासतो," भावोजी मला एकदा म्हणाले होते.

एका रविवारी चिप चालली. मी सूक्ष्मदर्शकातून बघितलं. लाल पेशी सरसर पुढे, पांढऱ्या खांबांना चिकटून गप्प. भावोजींनी हर्षाने ताईच्या हातातलं लाटणंच हिसकावून नाचवलं. संध्याकाळी त्यांनी मुलीला आणि तिच्या आईला मुद्दाम घरी बोलावलं.

मुलीने बराच वेळ डोळा लावून पाहिलं. मग विचारलं, "काका, एक बूँद को कितना टाइम?"

"आधा घंटा."

"और पूरी थैली?"

भावोजी बोटांवर मोजू लागले, मग कागदावर, आणि मग त्यांचा चेहराच उतरला. इतकी वर्षं बुडबुड्यांशी भांडताना हा हिशोब त्यांनी मांडलाच नव्हता! "पाँच महीने," ते पुटपुटले.

"तब तक तो मेरी एग्झाम भी हो जाएगी!" म्हणत ती खो खो हसली. तिची आई ओशाळली. आम्हीही हसलो, काय करणार? शिवाय रक्तपेढीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं ते खरंच होतं, केकच्या ओव्हनमधल्या वस्तूतून कुणाला रक्त देता येत नाही. भावोजींनाही ते ठाऊक होतं. आधी चालू तर दे, बाकीचं मोठे लोक बघतील, असं ते म्हणत.

जन्मात कुणापुढे हात न पसरलेले भावोजी दुसऱ्या दिवसापासून फिल्टरच्या पैशांसाठी बिल्डिंगमधलं एकेक दार वाजवू लागले. लोकांनी दिलं. सेक्रेटरींनी तर सगळ्यांत आधी दिलं. पुढच्या खेपेला मुलीच्या नळीत बाजारातला फिल्टर होता. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, ताप आला नाही, शाळेत चाललेय म्हणून. "बहोत अच्छा, बेटा," म्हणून भावोजींनी फोन ठेवला आणि तिथेच डोळे पुसत बसले.

ताई घाबरली. "अहो, पोरगी बरी आहे ना? मग रडता कशाला?"

"बरी आहे गं," भावोजी म्हणाले. "माझ्या हातून व्हायला हवी होती, एवढंच."

ताईने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.