होलमत-अकांची सैल दाढ

मी दातांची डॉक्टर आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं ऐकून कुणी म्हणेल, गावात डॉक्टर नसेल बिचाऱ्यांना. तर होती. बावीस वर्षं एकाच खुर्चीशेजारी उभी होती आणि स्वतःला फार शहाणी समजत होती.

होलमत-अका आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचे. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना अका, म्हणजे दादा, म्हणायचे. ते करनाई वाजवायचे. माणसापेक्षा लांब असलेलं ते पितळी शिंग आभाळाकडे धरून त्यांनी फुंकलं, की तीन गल्ल्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागायची आणि लग्नघर कुठे आहे ते कुणाला विचारावं लागायचं नाही. आमच्या फरगानात करनाईशिवाय लग्न म्हणजे मिठाशिवाय पुलाव. त्यांच्या बायकोचं, ओयजमाल-आपाचं म्हणणं असं, की या माणसाची अर्धी फुंक शिंगात जाते आणि अर्धी बढाया मारण्यात.

खालच्या उजव्या दाढेवर त्यांनी तरुणपणी सोन्याची टोपी बसवून घेतली होती. ती दाढ घेऊन ते माझ्याकडे आले सप्टेंबरात, कापूस वेचणीच्या दिवसांत.

"पोरी, हे सोनं आता मला चावायला लागलंय," ते म्हणाले.

"अका, आधी तोंडातला नोस थुंका. काही दिसेल तर सांगेन ना."

नोस म्हणजे आमची हिरवट तंबाखूची पूड, चुना घातलेली. ती जिभेखाली नाहीतर गालात धरायची. आमच्याकडे पुरुषाच्या तोंडात नोस असणं म्हणजे खिशात रुमाल असण्यासारखं आहे, त्याकडे कुणी बघत नाही. अकांनी थुंकलं, चूळ भरली. दाढेच्या आतल्या बाजूला, जीभ टेकते तिथे, हिरडीवर नखाएवढी पांढरी-लाल जखम होती. मी टोपीची कड बोटाने चाचपली, धारदार लागली. घासून गुळगुळीत करून दिली. महिनाभराने ते परत आले, तर मी परत घासली. रोग रेड्याला नि औषध पखालीला, दुसरं काय! पण तेव्हा मला ते कळलं नाही आणि कळलं नाही हेही कळलं नाही.

नोव्हेंबर संपताना दाढ हलायला लागली. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाची दाढ हलते, त्यात विशेष ते काय? मी भूल दिली, चिमट्यात धरली आणि ती लोण्यातून सुरी निघावी तशी आली. इतक्या सहज आली की मला स्वतःच्या हाताचं कौतुक वाटलं. आजारी हाडानेच तिला सोडलं होतं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते.

खड्डा भरेना. मी धुऊन द्यायची, औषध भरायची आणि ते घरी जाऊन त्यावर नोस ठेवायचे. नोसने जागा बधिर होते, चुन्याने जखम सुकते, असं आमच्याकडे लहान पोरही सांगेल. मला माहीत होतं. दर खेपेला तोच हिरवा गाळ मीच तर धुऊन काढत होते.

जानेवारीत माझ्या भाच्याचं लग्न होतं. भल्या पहाटे पुरुषांच्या पंगती बसल्या, पुलावाच्या कढईवरचं झाकण निघालं आणि अकांनी करनाई उचलली. पहिली फुंक फाटली. दुसरीला नुसती हवा आली. अंगणात हशा पिकला.

"अका, शिंगात उंदीर शिरला का?" कुणीतरी ओरडलं.

"उंदीर नाही, म्हातारपण!" दुसऱ्याने जोडून दिलं.

अकाही हसले. त्यांनी शिंग भिंतीला टेकवलं आणि मला बाजूला बोलावलं. "पोरी, तू दिलेली ती भूल अजून उतरली नाही का? खालचा ओठ झोपलाय. तोटी ओठाला लागते ते मला समजतच नाही."

भूल तीन तासांत उतरते. या भुलीला सात आठवडे झाले होते.

जबड्याच्या हाडात कर्करोग शिरला, की आतली नस दबते आणि ओठ झोपतो. हे मला एकदा शिकवलं होतं. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात, जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या विभागात आम्हाला आठवडाभर बसवलं होतं. तिथे खाटांवर सगळे तारेने जबडे बांधलेले तरुण, कुणी मारामारीत फुटलेले, कुणी मोटारसायकलवरून पडलेले. आम्ही मुली त्यांना हसण्यात दंग. त्या विभागाला सगळे मारामारीवाल्यांचा वॉर्ड म्हणतात. गावातले लोक म्हणतात आणि खरं सांगायचं तर आम्ही दातांचे डॉक्टरही तेच म्हणतो. हिरडीवरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी माणूस तिथे पाठवायचा असतो, हे बावीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले आणि म्हणाले, मोठ्या इस्पितळात जायचं.

"कुठल्या विभागात?" आपाने विचारलं. मी सांगितलं.

"अगं बाई! तिथे? लोक म्हणतील होलमतने म्हातारपणी कुणाचा तरी मार खाल्ला. नाहीतर म्हणतील मीच मारला!"

"तुझ्याकडून मार खाल्ला तर जबडा कशाला, नुसते कान दुखतात," अका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "रमजान लागला की जाऊ, पोरी. रमजानात लग्नं नसतात, करनाईला सुट्टी. आत्ता लग्नसराई आहे, सतरा घरांना शब्द दिलाय. ओठाच्या डाव्या बाजूने भागवतो."

रमजानला पाच आठवडे होते. मी काय म्हणायला हवं होतं? सतरा घरं गेली चुलीत, असं म्हणायला हवं होतं. हाताला धरून गाडीत घालायला हवं होतं. पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगताना माझी दोनदा घासलेली टोपी आणि माझा चिमटा दोन्ही आलं असतं. मी म्हणाले, "बरं, अका, रमजानात."

पाच आठवड्यांनी त्यांचा उजवा गाल सुजलेला होता आणि तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नव्हतं. टॅक्सीत ते पुढे बसले, आपा आणि मी मागे. आपा वाटभर ड्रायव्हरला सांगत होती की आम्ही नातेवाइकाला भेटायला चाललोय.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दोनियोर माझ्यापेक्षा लहान होते. त्यांनी मानेच्या गाठी चाचपल्या, तोंडात दिवा धरला, मग एक्स-रेचा फोटो काचेवर लावला. जबड्याच्या हाडात जिथे पांढरं असायला हवं तिथे काळं होतं, उंदराने भाकरी कुरतडावी तसं.

"दाढ कधी काढली?"

"आपोआप पडली," अका म्हणाले.

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"सहा महिने कुणाला दाखवलं नाही?"

"कुणाला नाही."

"तुमच्या गावात दातांचा डॉक्टर नाही?"

"आहे की. चांगली बाई आहे. मीच गेलो नाही. हट्टी माणूस आहे मी, हिला विचारा."

आपाने ओढणीची कड दातात धरली आणि मान डोलावली.

"आणि या कोण?" डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं.

"शेजारची पोर आहे, सोबत आलीय."

मी बोलू शकले असते. खोली लहान होती, सगळ्यांना ऐकू गेलं असतं. डॉक्टर चिडून बोलत होते, आणि ते बरोबरच चिडले होते. "आम्ही इथे काय फुटलेले जबडेच जोडतो का? पानगळीत आला असतात तर हाडाचा तेवढा तुकडा काढला असता, पायाचं हाड घालून जबडा केला असता. करनाई गेली असती, पण नातवंडं बघितली असतीत. आता मी कुठवर कापू? गळ्यापर्यंत गेलंय. ताश्कंदला किरणं देतील, दुखणं जरा कमी होईल." आणि त्यांनी कार्डावर लिहिलं, मला उलटं वाचता आलं: रुग्णाने सहा महिने वैद्यकीय मदत घेतली नाही.

एखाद्या डॉक्टरने चूक केली असं कार्डावर आलं, की त्याच्या दवाखान्याला पत्र जातं. तिथल्या सगळ्या डॉक्टरांना एकत्र बसवून ते मोठ्याने वाचतात. मानहानी होते, कधी नोकरीही जाते. पण त्या दिवसापासून तिथला एकेक जण सैल दाढेकडे दोनदा बघतो. ते पत्र आमच्याकडे कधी आलं नाही. येणार कसं? माणूस कुणाकडे गेलाच नव्हता.

परतीच्या वाटेवर गाडी पेट्रोलसाठी थांबली, आपा पाणी आणायला उतरली. तेव्हा मी म्हणाले, "अका, तुम्ही खोटं का बोललात?"

त्यांना बोलायला त्रास होत होता. शिंगात फुंकायच्या आधी घ्यायचे तसा त्यांनी श्वास भरून घेतला.

"आपलेच दात, आपलेच ओठ, पोरी. तुझी दोन पोरं शाळेत आहेत. तुला घालवून माझं हाड भरून येणार आहे का?"

मी त्यांना रहमत म्हणाले. ज्याच्या जबड्यातला रोग मी सहा महिने पोसला, त्या माणसाचे मी आभार मानले आणि मला खरोखरच हायसं वाटलं. त्या सुटकेची मला आजही शिसारी येते.

उन्हाळ्याच्या तोंडावर, तुती पिकायच्या दिवसांत ते गेले. शेवटचे तीन आठवडे ते पाण्याचा घोटही चमच्याने घ्यायचे. दुखणं थांबवायची सुई मी रोज संध्याकाळी जाऊन द्यायची. दुसरं माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

दुखवट्याच्या पहिल्या दिवशी अंगण बायकांनी भरलं. आपा गडद निळ्या कपड्यांत मधोमध बसली होती. हुंदके देत, हेल काढून ती नवऱ्याला रागे भरत होती. "माझा हट्टी बैल! सहा महिने कळ काढलीस, कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाहीस!" ती माझ्याकडे बघूनही म्हणत होती आणि तिच्या आवाजात जराही खोट नव्हती. मेलेल्या नवऱ्याचा शब्द ती राखत होती.

माझ्या शेजारची म्हातारी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि तू दोन घरांवर राहतेस गं, डॉक्टर. एकदा नुसता तुझ्याकडे आला असता तर?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"हो ना," मी म्हणाले. "एकदा यायला हवं होतं."