खरखर

हिसाकोला सवत होती, आणि ती मेलेली होती. त्यामुळे तिच्याशी भांडायचीही सोय नव्हती. रोज सकाळी घरच्या देव्हाऱ्यातल्या नोरिएच्या फोटोपुढे गरम भाताची वाटी हिसाकोच ठेवायची, घंटी वाजवायची आणि मनात म्हणायची, गिळ बाई. फोटोतली नोरिए कायमची अडतिशीची. हिसाको पासष्टीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. ही काय बरोबरी झाली?

नवऱ्याची, तेत्सुरोची, जुनी गाडी मोडीत निघाली आणि नव्या गाडीत कॅसेटला जागाच नव्हती. मिसासाच्या गरम झऱ्यांवर जायचं ठरलेलं, उतारवयात झालेल्या लग्नानंतरची दोघांची पहिली सहल, आणि गाण्यांशिवाय गाडी चालवणार नाही असा त्याचा हट्ट. मग कॉम्प्युटर शिकलेल्या हिसाकोने सगळ्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतल्या.

"मध्ये मध्ये खरखर आहे, तेवढी काढून टाक," तेत्सुरो म्हणाला. जुन्या काळी टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर धरून, श्वास रोखून भरलेली गाणी ती.

कॅसेट चालू ठेवून ती बॅग भरत होती. नवऱ्याचे लोकरीचे मोजे, गुडघ्याचं मलम, वाटेत खायला खारवलेली आलुबुखारं. एका गाण्याच्या मधोमध अचानक एक बाई ओरडली, "अहो, जेवायला चला!" आणि जरा थांबून, लाडात, "चला ना, गार होतंय!"

हिसाकोच्या हातातले मोजे तसेच राहिले. फोटोला आवाज नव्हता, हेच एक बरं होतं. आणि आवाज होता तरी कसा, तर गोड! तिने ती जागा पुन्हा लावली. पुन्हा. 'चला ना' म्हणताना बया हसत होती. पहिला काय नि हा काय, कुठल्या नवऱ्याला मी असं हसत हाक मारली? मी तर म्हणते, वाढलंय.

तिने त्या दोन्ही हाकांचे तुकडे निवडले आणि पुसले. खरखरच ती.

निघायच्या सकाळी कचऱ्याची गाडी येणार म्हणून तेत्सुरोने स्वतःच्या हाताने कॅसेटींची पिशवी नाक्यावर नेऊन ठेवली. हिसाकोला त्याला हाक मारावीशी वाटली, पण ती भाताचे गोळे वळत बसली.

"दोन दिवस नोरिएला भात कोण देणार?" निघताना तो म्हणाला.

"तिला डबा बांधून देऊ का?"

तो हसला. हिचा मात्र जीव जळला.

घाटात ते गाणं लागलं. हिसाको खिडकीबाहेर बघत बसली. ती जागा आली, नुसतंच संगीत वाजलं, आणि तेत्सुरो रस्त्यावरची नजर न हलवता सवयीने मोठ्याने म्हणाला, "आलो, आलो!"

म्हणजे इतकी वर्षं जुन्या गाडीत हा एकटाच तिला उत्तर देत होता. काही कळायच्या आत हिसाकोच्या तोंडून निघून गेलं, "चला ना, गार होतंय!"

तेत्सुरोने गाडी कडेला घेतली. गाणं बंद केलं.

"तू पुसलंस."

"तुम्हीच म्हणालात, खरखर काढ."

"कितीदा ऐकलंस?"

"तुमच्यापेक्षा जास्त," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्याने नाक पुसलं, गाणं पहिल्यापासून लावलं. "पुन्हा म्हण. या वेळी दोन्ही हाका, जागच्या जागी."

हिसाकोच्या अंगाचा तिळपापड झाला. मेली ती मेली, वर मलाच तिचं तोंड व्हायला लावलं! पण जागा आली तशी तिने डोळे पुसले आणि हाक मारली. "अहो, जेवायला चला!" 'चला ना' म्हणताना तिला तसं हसता काही आलं नाही.

"आलो," तेत्सुरो तिच्याकडे बघून म्हणाला, आणि त्याने भाताच्या गोळ्यांचा डबा उघडला.