निलगिरीच्या पाल्याखालचा माठ

आळीतल्या बायांनो, आपली फिरती वही आज माझ्या घरी आली आणि मी अगदी दमून लिहायला बसले आहे.

लाल माठ दोनदा पेरला, दोनदा फुकट गेला. विहिरीचं पाणी ओढून हाताला घट्टे पडले. बी गुहागरच्या जाऊबाईंनी पाठवलेलं. मी त्यांना सरळ लिहिलं, "तुमचं बी मेलेलं आहे." तेव्हापासून त्यांचं पत्र नाही. मग बाजारातलं बी पेरलं. तेही मातीतच राहिलं.

आज सकाळी कामाला येणाऱ्या भागीने वाफ्यावरचा पाला उचलून हुंगला. "वयनी, ह्यो निलगिरीचा पाला कोनी घातलान?"

मीच. आपण सगळ्याच वाफ्यावर पातेरा, गळलेला वाळका पाला, पसरतो. हिवताप जाईल म्हणून ह्यांनी परसात लावलेलं ते झाड टोपल्या भरभरून पानं गाळतं, मी ती गोळा करायची.

"त्याच्या बुडाशी कदी गवत बगितलाव काय?"

इतकी वर्षं तिथून जाते, कधी लक्षच गेलं नाही. पानांतला तो उग्र अर्क मीच पाणी घालघालून मातीत उतरवत होते.

मग भागीने मला न्हाणीमागे नेलं. जाऊबाईंचं उरलेलं बी मी वैतागून तिथे फेकलं होतं. तिथे माठ वीतभर वाढलाय.

दुपारी तोच चिरला.

पाला उद्या काढून टाकीन. पण गुहागरच्या पत्रात पहिलं वाक्य काय लिहू? कुणाला सुचलं तर याखाली लिहा. मला एवढंच सुचतंय, "भाजी छान झाली होती."