अडीच हजार किलोमीटरांचा संशय

माझे थोरले काका सरकारी मोजणीदार होते. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि एकाच निष्कर्षाला आले, की माणूस अंतर सांगतो तेव्हा काहीतरी लपवतो. कुठलीही हद्द ते दोनदा मोजत. एकदा इकडून, एकदा तिकडून. लग्नाच्या हॉलमध्येही ते आधी पावलं टाकून पाहून घेत, मग खुर्चीवर बसत.

त्यांची एकुलती एक मुलगी दूरदेशी होती आणि तिचे दिवस भरत आले होते. "आईबाबा दोघंही या," असा तिचा हट्ट. काकूची बॅग भरून तयार. इतक्यात फोनवर जावई बोलता बोलता म्हणून गेला, "विमानतळ ते विमानतळ अकरा हजार किलोमीटर. तेरा तास. झोपलात की पोचलात."

काकांनी भिंतीवरचा जगाचा नकाशा उतरवला, दोन विमानतळांवर टाचण्या टोचल्या आणि पट्टी लावली. साडेतेरा हजार. उलट मोजलं. साडेतेरा हजारच.

"अडीच हजार किलोमीटर खाल्ले यानं!" काका म्हणाले.

"अहो, अंतर खाऊन कुणाचं पोट भरतं?"

"बांध कोरणारासुद्धा वीतभरच कोरतो. आपली मुलगी किती लांब नेली ते कळू नये, म्हणून कमी सांगतो. आणखी काय काय कमी सांगितलं असेल? मी येत नाही."

"मग मी एकटी जाते."

"चुकीच्या अंतरावर तुला एकटीला सोडू?"

दोन दिवस घरात बोलणं बंद. डॉक्टरांनी तिथे पुढच्या आठवड्याची तारीख दिली होती.

काकू शिवणकाम करायची. तिसऱ्या दिवशी तिनं शेजारच्या शिक्षिकेकडून पृथ्वीचा गोल मागून आणला, गळ्यातली टेप काढली आणि दोन्ही गावांवर ताणून धरली. टेप आपोआप वर सरकली, पार बर्फाळ भागावरून गेली.

"सव्वीस सेंटिमीटर. आता तुमच्या नकाशातल्या वाटेनं, आडवी." तशी टेप चार बोटं जास्त लागली. "माणूस गोल, कापड सपाट, म्हणून तर कापडाला चिमटे घेऊन टक्स घालावे लागतात. तुम्ही पृथ्वीला टक्स न घालताच मोजलंत."

काकांनी टेप हिसकावली. तिकडून इकडे मोजलं. सव्वीस. कागदावर त्रैराशिक मांडलं. अकरा हजार. दुसऱ्या कागदावर मांडलं. तेवढेच. शेताच्या मोजणीत पृथ्वी कधी गोल लागली नव्हती, असं काहीसं पुटपुटत त्यांनी स्वतःच फोन लावला.

"जावईबापू, तुमचं अंतर बरोबर निघालं," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कुणालाही ऐकवलेलं नव्हतं. "कसं मोजलंत?"

"मोजलं कुठे, बाबा? फोनवर बघितलं आणि सांगितलं."

"न मोजता?"

"हो. का?"

काकांनी फोन ठेवला.

"माझे चार शर्ट टाक बॅगेत," ते काकूला म्हणाले. "नातवंड या माणसाच्या भरवशावर सोडता यायचं नाही."